ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस

मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनच्या तारखेचा. तो येणारच. पोटात गाठ आहे हे कळल्यावर ती एक दिवसही आत राहू नये असंच कुणालाही वाटतं. पण संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यासारख्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. आधी वरवट बकाल, मग अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर शेगावला गाडी धरून नागपूर किंवा मुंबईचं टाटा. दुर्बिणीची तपासणी, तुकड्याचा रिपोर्ट, सीटी स्कॅन, रेशनकार्ड, योजनेची मंजुरी यात आठवडे जातात. या आठवड्यांत रुग्णाच्या फायलीत कागद वाढत जातात आणि अंगावरचं मांस उतरत जातं. फायलीत रक्ताचे सगळे आकडे असतात. सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं आणि आज किती आहे, एवढी एक ओळ मात्र फार वेळा सापडत नाही.

त्या ओळीचं मोल वैद्यकशास्त्राला जवळपास नव्वद वर्षांपासून माहीत आहे. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनने अल्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले एक तृतीयांश दगावले होते. बाकीच्यांत हे प्रमाण होतं ३.५ टक्के. वय, हृदय आणि फुप्फुसांची स्थिती, ऑपरेशनचा प्रकार हे सगळं त्याने पडताळून पाहिलं. फरक उरला तो वजनाचाच. त्यानंतर भूलशास्त्र बदललं, अँटिबायोटिक आली, आतडं जोडायला स्टेपलर आले, दुर्बिणीतून ऑपरेशन होऊ लागलं. तरीही २०२३ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये ७५ देशांतल्या ५,७०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास छापून आला, तेव्हा चित्राची मूळ रेषा तीच निघाली. मोठ्या आतड्याच्या किंवा जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले हे रुग्ण. त्यांतला दर तिसरा तीव्र कुपोषित होता. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत, म्हणजे आपण ज्या गटात मोडतो तिथे, हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं. कुपोषिताला ऑपरेशननंतर तीस दिवसांत मृत्यूचा धोका श्रीमंत देशांतही जास्तच होता. गरीब देशांत तो कितीतरी पटींनी जास्त होता. गंभीर गुंतागुंत झाल्यावर रुग्णाला परत ओढून आणायला लागणारा अतिदक्षता विभाग, रक्त, रात्रीचं सीटी स्कॅन जिथे तोकडं, तिथे रुग्णाच्या स्वतःच्या ताकदीवरच सगळी भिस्त असते.

ही ताकद नेमकी कुठे लागते, ते आतड्याच्या सांध्यापाशी पाहायला मिळतं. सर्जन गाठीचा भाग काढतो आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडतो. टाके किंवा स्टेपल ती टोकं धरून ठेवतात, पण खरी पकड येते ती शरीराने तयार केलेल्या कोलॅजनची. पहिल्या तीन-चार दिवसांत कडेचं जुनं कोलॅजन विरघळतं आणि नवं अजून पुरेसं बसलेलं नसतं. याच दिवसांत सांधा सगळ्यांत कच्चा असतो. तो गळला तर आतड्यातला मळ पोटात उतरतो. ताप, पोट फुगणं, दुसरं ऑपरेशन, पोटावर पिशवी, आणि काही जणांच्या बाबतीत मृत्यू. कोलॅजन हे प्रथिन आहे. जखम भरायला, जंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार करायला शरीर प्रथिन शोधतं, आणि ताटातून आलं नाही तर ते स्वतःच्या स्नायूंतून काढतं. स्नायू म्हणजे अडीनडीला मोडायची पुंजी. ती आधीच संपलेली असेल तर शरीराकडे मोडायला काही राहत नाही. छातीचे स्नायू झिजलेल्या माणसाला जोर लावून खोकता येत नाही, कफ आत साचतो, न्यूमोनिया होतो. पाय झिजलेला माणूस दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठत नाही, आणि न उठणाऱ्याचं आतडंही उशिरा जागं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रक्तातलं अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी, असं सरळ गणित नाही. गाठीमुळे शरीरात दाह पेटलेला असतो. त्या दाहात यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि भूकही मरते. म्हणून कमी अल्ब्युमिन ही धोक्याची खूण खरी, पण ती आजाराच्या जोराचीही खूण आहे. अल्ब्युमिनची महागडी बाटली चढवली की रिपोर्टचा आकडा वर येतो, स्नायू येत नाही. त्या बाटलीसाठी दागिना गहाण ठेवायची वेळ आली, तर घरच्यांनी डॉक्टरांना ती नेमकी कशासाठी, हे जरूर विचारावं.

आता खरा वादाचा प्रश्न. वजन घटलेला रुग्ण बहुतेक वेळा उशिरा आलेला असतो, त्याची गाठ मोठी असते, रक्त बरंच गेलेलं असतं. मग त्याचं वाईट होतं ते कुपोषणामुळे की पुढे गेलेल्या कॅन्सरमुळे? केवळ नोंदी पाहून याचं उत्तर मिळत नाही. आधी खायला घालून मग ऑपरेशन केलं तर फरक पडतो का, हे करूनच पाहावं लागतं. पहिला मोठा प्रयोग १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आला. ३९५ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी ७ ते १५ दिवस शिरेतून पूर्ण पोषण दिलं. सरसकट फायदा झाला नाही. उलट शिरेतून पोषण घेणाऱ्यांत संसर्ग वाढले. फायदा दिसला तो फक्त तीव्र कुपोषितांना. या एका प्रयोगाने दोन गोष्टी कायमच्या पक्क्या केल्या असं मला वाटतं. पोषण हे औषधासारखंच ज्याला गरज आहे त्यालाच द्यायचं असतं, आणि तोंडाचा रस्ता चालू असेल तोवर शिरेच्या मागे लागू नये.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आज स्पष्ट आहे. सहा महिन्यांत वजन १० ते १५ टक्क्यांहून जास्त उतरलेलं, बीएमआय १८.५ च्या खाली, किंवा यकृत-मूत्रपिंड ठीक असताना अल्ब्युमिन ३ ग्रॅमच्या खाली, यांपैकी काहीही असेल तर ७ ते १४ दिवस पोषण द्यावं आणि त्यासाठी कॅन्सरचं ऑपरेशन तेवढं पुढे ढकलावं लागलं तरी ढकलावं. आतडं पूर्ण बंद झालं असेल, फुटलं असेल, रक्त थांबत नसेल, तर अर्थातच थांबता येत नाही. पण बाकीच्यांसाठी हा पंधरवडा वाया गेलेला वेळ नाही, तो उपचारच आहे. २०२३ मध्ये नेदरलँड्ससह काही देशांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांपैकी एका गटाला ऑपरेशनआधी चार आठवडे व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि गरज असेल तिथे सिगारेट सोडायला मदत असं सगळं एकत्र दिलं. गंभीर गुंतागुंत त्या गटात १७.१ टक्के, नेहमीच्या पद्धतीने गेलेल्या गटात २९.७ टक्के. एवढा फरक एखाद्या गोळीने पाडला असता तर तिची जाहिरात गावोगाव पोचली असती.

प्रत्येक गोष्टीचा असा फायदा दिसत नाही, हेही सांगायला हवं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः उजव्या बाजूच्या, रक्त हळूहळू झिरपत जातं आणि माणूस पांढराफटक पडतो. ऑपरेशनआधी शिरेतून लोह दिलं की काम होईल असं वाटत होतं. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४८७ रुग्णांवरच्या ब्रिटिश प्रयोगात त्यामुळे ना रक्त चढवण्याची गरज कमी झाली, ना मृत्यू. हिमोग्लोबिन पुढच्या आठवड्यांत सुधारलं एवढंच. लोह द्यावंच, पण शेवटच्या क्षणी दिलेल्या बाटलीकडून चमत्काराची अपेक्षा नको.

हे सगळं आपल्याकडे आणताना मोजपट्टीच बदलावी लागते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर होतो. भारतात सुमारे ७० हजार. आपलं प्रमाण कमी, पण आपले रुग्ण तरुण. टाटा रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. पश्चिमेत हा म्हातारपणाचा आजार. आपल्याकडे तो पेरणीच्या, पोरीच्या लग्नाच्या, बँकेच्या हप्त्याच्या वयात गाठतो. शिवाय माणूस आधीच बारीक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के महिलांचा बीएमआय १८.५ च्या खाली आणि ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. जी बाई आयुष्यभर चाळीस-बेचाळीस किलोचीच आहे, तिला केवळ बीएमआय पाहून 'तीव्र कुपोषित' म्हणायचं का? आणि ज्याचं पोट सुटलं आहे, त्याला 'खातंपितं शरीर' म्हणून सोडून द्यायचं का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी छापून हाच मुद्दा दाखवला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबी भारतीयाची. म्हणजे आपला माणूस दिसतो त्यापेक्षा स्नायूंनी हलका असू शकतो.

म्हणून बारीकपणापेक्षा घट महत्त्वाची, असं माझं ठाम मत आहे. समजा चैत्रात ५६ किलो असलेला माणूस श्रावणात ४८ किलोवर आला. आठ किलो म्हणजे १४ टक्के. हा माणूस चालत दवाखान्यात येतो, हसून बोलतो, बीएमआयही कदाचित बसतो, आणि तरीही तो धोक्याच्या यादीत वरचा आहे. आधीचं वजन लिहिलेलं नसतं ही अडचण खरी. पण विचारलं की कळतं. कापसाच्या काट्यावर हौसेने उभं राहिलेलं आठवतं. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं असतं, अंगठीला दोरा गुंडाळलेला असतो, बांगडी कोपराकडे सरकते, ब्लाउजला आतून टीप मारलेली असते. 'दोन भाकरी खायचा, आता अर्ध्यावर उठतो' हे घरची बाई न विचारता सांगते. जगभर मान्य असलेली तपासणीची साधनंही याहून वेगळं काय विचारतात? वजन किती उतरलं, जेवण किती कमी झालं, अंगात जोर किती राहिला. १९८० च्या दशकात टोरांटोच्या डॉक्टरांनी बसवलेली पद्धत तर हेच विचारण्यावर आणि खांद्याचं, दंडाचं मांस हाताने चाचपून पाहण्यावर उभी आहे. सीटी स्कॅनवर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीला स्नायूंचं क्षेत्रफळ मोजता येतं आणि ते उत्तम मोजमाप आहे. पण आशाताईच्या नजरेला आणि वजनकाट्याला ते पर्याय नाही.

मग खायचं काय? या वेळी शिफारस असते ती रोज किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि साधारण दीड ग्रॅम प्रथिन. पन्नास किलोच्या माणसाला ७५ ग्रॅम प्रथिन लागलं. आपल्याच घरातल्या डब्यांतून ते निघतं का पाहू. ज्वारीच्या तीन भाकरींतून १८ ग्रॅम, अर्धी वाटी कच्ची तूरडाळ शिजवून ११, अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही १६, दोन अंडी १३, मूठभर शेंगदाणे ७, दोन मुठी फुटाणे १०. झाले पंचाहत्तर. परदेशी डबा लागला नाही. पण दोन अडचणी आहेत. गाठीने आतडं अरुंद झालं असेल तर भाकरी, फुटाणे, शेंगदाणे, पालेभाजीचे देठ अडकू शकतात; तिथे मऊ भात, गाळलेलं वरण, दही, अंडं, पनीर, फुटाण्याचं अगदी बारीक पीठ दुधात कालवून, असं घ्यावं लागतं आणि तेव्हा पुडीतल्या प्रथिनांची खरोखर मदत होते. दुसरी अडचण भुकेची. ज्याला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं त्याच्यापुढे भरलेलं ताट ठेवून उपयोग नाही. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, आणि पहिला घास प्रथिनाचा, हेच चालतं.

आपल्या पथ्याच्या कल्पनेकडे इथे बारकाईने पाहायला हवं. ऑपरेशन झालेल्या माणसाला काय देतात? साबुदाण्याची पेज, भाताचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस, ग्लुकोज. प्रेमाने देतात. साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसतं. अंडं 'उष्ण', डाळ 'जड', दही 'थंड' म्हणून तीनही ताटातून जातात आणि ज्या आठवड्यात सांध्याला प्रथिनाची सर्वांत जास्त गरज, त्याच आठवड्यात माणूस निव्वळ पिठूळ पाण्यावर राहतो. दवाखानाही यात निर्दोष नसतो. कोलोनोस्कोपीसाठी उपाशी, स्कॅनसाठी उपाशी, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून तोंड बंद, आणि यादीत नंबर दुपारी लागला की अठरा तास कोरडे. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हे सगळं उलटवून पाहिलं. त्यातून पुढे आलेल्या पद्धतीत, ज्याचं जठर नीट रिकामं होतं अशा रुग्णाला भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत हलकं अन्न आणि दोन तास आधीपर्यंत गाळीव पेय चालतं. ऑपरेशननंतर चोवीस तासांच्या आत तोंडाने सुरू करतात. 'गॅस पास झाल्याशिवाय पाणी नाही' हा नियम आता बहुतेक रुग्णांना लागू नाही. आपल्या मोठ्या केंद्रांत ही पद्धत रुळते आहे. वॉर्डाबाहेर बसलेल्या नातलगांपर्यंत ती पोचलेली नाही, त्यामुळे डॉक्टर म्हणतात खाऊ घाला आणि घरचे भीतीने डबा उघडत नाहीत.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये एक सोय आहे, तिचा आपण फार कमी उपयोग करतो. अशा अनेक रुग्णांना आधी रेडिएशन आणि केमो देतात आणि मग काही आठवडे थांबून ऑपरेशन करतात. म्हणजे पोषणाचा काळ वेगळा काढावाच लागत नाही, तो वेळापत्रकातच आहे. त्याच काळात जुलाब, तोंड येणं, मळमळ यांमुळे वजन आणखी उतरतं, ही दुसरी बाजू. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी राहणाऱ्या रुग्णांसाठी या आठवड्यांतलं जेवण हाही उपचाराचा भाग आहे, आणि ते करणाऱ्यांचं मोल कोणत्याही तज्ज्ञापेक्षा कमी नाही.

याच ऑपरेशननंतर पुष्कळांना काही महिन्यांसाठी लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. घाटाखालच्या आपल्या पट्ट्यासाठी हा सगळ्यांत नाजूक मुद्दा. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते वाटेतून वगळलं की दोन्ही पिशवीत वाहून जातात. दिवसाला दीड लिटरहून जास्त जाऊ लागलं की माणूस कोरडा पडतो, आणि भार येतो तो किडनीवर. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली गावं किडनीच्या आजाराने कित्येक वर्षं हैराण आहेत. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत हे कुणाला सांगावं लागत नाही. वान धरणाचं पाणी आलं तरी अनेकांच्या किडनीवर आधीच परिणाम झालेला असतो. असा माणूस पिशवी घेऊन मे महिन्यात गावी परततो. तहान लागते म्हणून तो साधं पाणी पीत राहतो आणि पिशवी आणखी भरते, कारण नुसतं पाणी आतड्यातलं मीठ ओढून बाहेर नेतं. त्याला हवं असतं ते मीठ-साखर-पाणी, ओआरएस, मीठ घातलेलं ताक, पेज. सोबत भात, केळं. आणि प्रथिन किती, हे क्रिएटिनिन पाहूनच ठरवायचं, कारण किडनी बिघडलेल्याला सरसकट दीड ग्रॅम लागू नाही. पिशवी ज्यात रिकामी करायची तो डबा एकदा मापून ठेवावा आणि लघवी गडद, थोडी झाली तर वाट न पाहता आरोग्य केंद्र गाठावं, हे घरी सोडतानाच कुणीतरी मराठीत समजावून सांगितलं पाहिजे.

आणि ऑपरेशन हा शेवट नसतोच. गाठ लसिकाग्रंथींत उतरलेली असेल तर नंतर केमो लागतो आणि तो साधारण आठ आठवड्यांत सुरू व्हावा अशी अपेक्षा असते. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार दर चार आठवड्यांच्या उशिराने जगण्याची शक्यता घटत जाते. उशीर का होतो? जखम भरलेली नसते, रक्त कमी असतं, माणूस उभा राहू शकत नाही. ऑपरेशन उत्तम झालं आणि केमो दोन महिने लांबला, तर नुकसान ऑपरेशनच्या कागदावर दिसत नाही, पण होतं.

पैशाचं बोलायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने मोठा आधार दिला आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या या योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनचा खर्च बसतो आणि कुटुंबामागे संरक्षण आता वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. भरती असताना जेवणही मिळतं. पण भरती होण्याआधीच्या पंधरवड्याचं अंडं-दूध आणि सुटीनंतरच्या दोन महिन्यांचं अन्न यात कुठेच नाही. आणि याच काळात घरातली एक मजुरी बुडालेली असते, दुसरी रुग्णाच्या सोबतीत गेलेली असते. क्षयरोगात आपल्या देशाने ही चूक सुधारली. २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या झारखंडमधल्या प्रयोगाने २०२३ साली दाखवलं की क्षयरुग्णाच्या घरच्यांना शिधा दिला की त्यांच्यात क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटतं. अन्न हा उपचार आहे हे आकड्यांनी सिद्ध करणारं काम भारतातच झालं. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी मुंबईची कडल्स फाउंडेशन रुग्णालयांत आहारतज्ज्ञ आणि शिधा पुरवते. मोठ्या माणसांसाठी असं काही उभं राहायला हवं.

क्षयाचाच दर धरला तर ऑपरेशनआधीचा एक महिना आणि नंतरचे दोन, असे तीन महिने मिळून एका रुग्णामागे ३,००० रुपये होतात. त्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन, आणि योजनेच्या मंजुरीच्या अर्जावर सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन लिहायला एक सक्तीचा रकाना. सांधा गळून दुसऱ्यांदा टेबलावर जाणाऱ्या एका रुग्णाचा अतिदक्षता विभागातला काही दिवसांचा खर्च याच्या कित्येक पट आहे, आणि तो आज सरकारच भरतं.